पेटीतली पत्रं: रोमन जगात ख्रिस्ती शिकवण कशी पसरली

कार्थेज, १७ जुलै, इ.स. १८०. उत्तर आफ्रिकेतल्या रोमन प्रांताचा राज्यपाल सातुर्निनुस न्यायासनावर बसला आहे. समोर स्किल्ली नावाच्या गावातून धरून आणलेली माणसं उभी आहेत, त्यांत बायकाही आहेत. आरोप एकच, हे लोक ख्रिस्ती आहेत. राज्यपाल तसा दुष्ट वाटत नाही. सम्राटाच्या नावाने शपथ घ्या आणि घरी जा, असं तो परोपरीने सांगून पाहतो. विचार करायला ३० दिवसांची मुदतही देऊ करतो. मध्येच त्याची नजर त्यांच्याजवळच्या एका पेटीकडे जाते. या पेटीत काय आहे, असं तो विचारतो. स्पेरातुस नावाचा त्यांच्यातला बोलका माणूस सांगतो, ‘‘पुस्तकं आहेत, आणि पौल नावाच्या एका सत्पुरुषाची पत्रं.’’

मुदत कुणी घेतली नाही. बारा जणांना तलवारीची शिक्षा झाली. या सुनावणीची नोंद लॅटिन भाषेतल्या अगदी जुन्या ख्रिस्ती लिखाणात मोडते.

मला या सगळ्यात त्या पेटीचं कुतूहल वाटत आलं आहे. पौल हा येशूची शिकवण सांगत फिरणारा पहिल्या पिढीतला प्रचारक. त्याने आपली पत्रं इ.स. ५० ते ६० च्या सुमाराला लिहिली, तीही ग्रीकमध्ये, बहुतेक आजच्या ग्रीस आणि तुर्कस्तानातल्या ओळखीच्या माणसांसाठी. छापखाना नव्हता. रोमन टपाल होतं, पण ते सरकारी कामापुरतं. मग सव्वाशे वर्षांत ती पत्रं समुद्रापलीकडच्या एका खेड्यातल्या पेटीत कशी जाऊन बसली?

‘मिशनरी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेलं चित्र येतं. बोटीतून उतरलेला गोरा पाद्री, दगडी चर्च, शेजारी शाळा आणि दवाखाना, मागे परदेशातून पैसे पाठवणारी संस्था. एकोणिसाव्या शतकात मुंबई, अहमदनगर भागात आलेल्या मिशनांमुळे हे चित्र आपल्याकडे पक्कं बसलं. रोमन जगातली पहिली अडीचशे वर्षं समजून घ्यायची तर ते पुसून टाकावं लागतं. तेव्हा ना संस्था होती, ना पाठीशी सत्ता. पौलाची पिढी सरल्यावर तर गावोगाव फिरून धर्म सांगणाऱ्यांची नावंसुद्धा फारशी सापडत नाहीत. काम झालं ते घरांत, दुकानांत आणि जेवणाच्या पंक्तीत.

आधी त्या जगाचा धर्म कसा होता ते पाहू. आपल्याला तो समजायला सोपा आहे. रोमन घरात देव्हारा असे, त्यात घराचे आणि कुळाचे देव. रस्त्यांच्या नाक्यांवर देवळ्या. शहराचं दैवत वेगळं, धंद्याचं वेगळं. बाहेरून नवा देव आला तरी दाटीवाटीने त्याची सोय होई. इजिप्तच्या इसिसचे भक्त रोममध्ये होते, मिथ्राची पूजा सैनिकांच्या छावण्यांत चाले. इसिसची दीक्षा घेतली म्हणून ज्युपिटरला हात जोडू नका, असं कुणी म्हणत नसे. ख्रिस्ती लोक नेमकं तेच म्हणत. हा देव घ्या आणि बाकीचे सगळे सोडा. म्हणजे गावाच्या उत्सवापासून लांब राहा, यज्ञातलं मांस खाण्याआधी विचार करा, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप घालू नका. शेजाऱ्यांनी त्यांना ‘नास्तिक’ म्हणायला सुरुवात केली. आज विचित्र वाटतं, पण हा आरोप खरोखर होत असे.

इतक्या अटींचा धर्म ऐकून कोण घेणार? पहिले श्रोते मिळाले ते ज्यूंच्या सभास्थानांत, म्हणजे प्रार्थनागृहांत. यरुशलेमपासून दूर, अलेक्झांड्रिया, अंत्युखिया, करिंथ, थेट रोमपर्यंत ज्यू वस्त्या होत्या. त्यांचा धर्मग्रंथ इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात ग्रीकमध्ये येऊ लागला होता, आणि ग्रीक ही साम्राज्याच्या पूर्वेकडची बाजारभाषा. त्यामुळे शब्बाथाला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शनिवारी, सभास्थानाच्या मागच्या बाजूला काही बिगर-ज्यू मंडळीही येऊन बसत. एकच देव, स्वच्छ नीतिनियम, जुना ग्रंथ हे त्यांना भावे. पण सुंता आणि खाण्यापिण्याचे कडक नियम यांपाशी पाऊल अडे. अशांना ‘देवभीरू’ म्हणत. तुर्कस्तानात अफ्रोदिसियास इथे सापडलेल्या, जरा नंतरच्या काळातल्या एका शिलालेखात ज्यूंच्या नावांबरोबर या देवभीरूंची वेगळी यादी कोरलेली आहे, काहींच्या धंद्यांसकट.

उंबरठ्यावर थांबलेल्या या माणसांना आत कसं घ्यायचं, यावरून पहिल्या पिढीत कडाक्याचं भांडण झालं. येशूचे अनुयायी सगळे ज्यूच. बाहेरच्याने आधी ज्यू व्हावं, मग आपल्यात यावं, असं त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटे. इ.स. ४९ च्या सुमाराला यरुशलेममध्ये बैठक झाली आणि परराष्ट्रीयांना, म्हणजे बिगर-ज्यूंना, सुंता लागणार नाही असं ठरलं. पुढच्या सगळ्या प्रसाराची किल्ली मला या निर्णयात दिसते. मात्र बैठकीत ठरणं वेगळं आणि पंक्तीत उतरणं वेगळं. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या मांडीला मांडी लावून जेवत होता. यरुशलेमहून तिथल्या अनुयायांचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली, तसा तो हळूच पंक्तीतून उठला आणि वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे ज्यूही उठले, अगदी पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवलं. कोण कुणाच्या पंक्तीला बसतो यात किती अडकलेलं असतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता पौलाकडे नीट पाहू. तो मूळचा किलिकियातल्या तार्सचा, ज्यू परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा), सुरुवातीला येशूच्या अनुयायांचा छळ करणारा. हातात कसब राहुट्या करण्याचं. हे कसब त्याच्या कामाचा कणा आहे. हत्यारं थोडी, पिशवीत मावणारी, आणि राहुट्या-चांदण्यांना गिऱ्हाईक कुठल्याही शहरात. करिंथला पोचल्यावर तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे उतरला. तेही राहुट्याच करणारे. क्लौद्य सम्राटाने ज्यूंना रोममधून घालवलं तेव्हा ते इथे आले होते. रोमन शहरातलं दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक खोली. पुढे काम, मागे किंवा वर बिऱ्हाड. शिवण चालू असताना गिऱ्हाईक येऊन टेकतं, इकडच्या तिकडच्या गोष्टी निघतात, त्यातून विषय निघतो. कुणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस काम करत आम्ही तुम्हाला शिकवलं, असं पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो. त्यामुळे तो चौकात उभा राहून गर्दी जमवायचा, या चित्राला जरा मुरड घालावी लागते. चौकातही तो बोलला असेल, पण बस्तान बसलं ते दुकानात.

करिंथमध्ये तो दीड वर्ष राहिला. हा काळ आपल्याला बराच नेमका सांगता येतो. तिथे त्याला गल्लियो नावाच्या राज्यपालापुढे उभं केलं होतं, आणि डेल्फी इथे सापडलेल्या एका शिलालेखावरून या गल्लियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ च्या आसपास बसतो. पौलाच्या आयुष्यातल्या बाकीच्या तारखा याच खुंटीला टांगून मोजतात.

फिलिप्पैमध्ये त्याला लुदिया भेटली. थुवतीरा गावची, जांभळ्या कापडाची व्यापारी. जांभळा रंग म्हणजे महागडा माल, त्यामुळे बाई पैशाने बरी असावी. तिने बाप्तिस्मा घेतला, तिच्याबरोबर तिच्या घरच्यांनीही घेतला, आणि पौलाला तिने आपल्याच घरी उतरवून घेतलं. हाच नमुना पुढे वारंवार दिसतो. घरातलं मोठं माणूस वळलं की मुलं, नोकर, गुलाम सगळे वळतात, आणि त्या घराची बैठकीची खोली हीच मंडळीची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहाची, जागा होते. गुलामाने खरोखर मनापासून हे स्वीकारलं की मालकाच्या मागोमाग मान डोलावली, हा प्रश्न त्या काळच्या कुणी विचारलेला दिसत नाही. आपण विचारायला हरकत नाही.

कष्टही काही कमी नव्हते. पौल स्वतःच हिशेब देतो. ज्यूंकडून ५ वेळा एकोणचाळीस फटके, ३ वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, ३ वेळा जहाज फुटलं, एक दिवस आणि एक रात्र समुद्रात. रोमन रस्ते उत्तम होते, फिलिप्पै आणि थेस्सलनीका तर आड्रियाटिकपासून बॉस्फरसकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच होते. तरी हिवाळ्यात जहाजं बंद असत आणि वाटेत लुटारू भेटत.

इफिसमधला दंगा तर प्रत्यक्ष पाहिल्यासारखा वर्णन केला आहे. तिथे अर्तमी देवीचं जगप्रसिद्ध मंदिर होतं आणि देमेत्रिय नावाचा सोनार देवीचे चांदीचे देव्हारे करून विकत असे. पौलाच्या शिकवणीने धंदा बसेल, म्हणून त्याने सगळ्या कारागिरांना गोळा केलं. धर्म बुडाला हे नंतर, आधी पोट बुडालं! गर्दी नाट्यगृहात घुसली आणि जवळजवळ २ तास ‘इफिसकरांची अर्तमी थोर’ अशी ओरडत राहिली. कित्येकांना आपण कशाला जमलो आहोत हेच माहीत नव्हतं, अशी खोचक नोंद बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. शेवटी शहराच्या सचिवाने, तक्रार असेल तर न्यायालयात जा, असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं.

आता पत्रांकडे येऊ. मराठी बायबलमध्ये या पत्रांची नावं ‘रोमकरांस’, ‘करिंथकरांस’, ‘फिलिप्पैकरांस’ अशी आहेत, जणू सातारकरांना आणि नाशिककरांना लिहिलेली. माझ्या मते हा फार नेमका अनुवाद आहे, कारण ही पत्रं खरोखर एकेका गावाच्या घरगुती भानगडींत शिरलेली आहेत. करिंथमध्ये एकत्र जेवणाच्या वेळी पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन झिंगत, आणि दिवसभर राबून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल त्यावर भडकला आहे. खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का, असं तो विचारतो. रोमकरांस पत्र त्याने इ.स. ५७ च्या आसपास करिंथमधून तोंडी सांगितलं आणि तर्तिय नावाच्या माणसाने लिहून घेतलं. शेवटी शेवटी तर्तियाने स्वतःचाही नमस्कार त्यात घुसवला आहे. पत्र घेऊन गेली ती बहुधा फिबी. ती करिंथच्या बंदरातल्या किंख्रिया मंडळीची सेविका, आणि कित्येकांना मदत करणारी बाई. पत्राच्या अखेरीस वीसहून जास्त लोकांना नावानिशी नमस्कार आहेत. त्यांत बायका आहेत, आणि काही नावं गुलामांमध्ये सर्रास आढळणारी आहेत. ज्या शहरात पौल अजून गेलाच नव्हता, तिथे त्याच्या एवढ्या ओळखी! म्हणजे ही माणसं धंद्यापायी, हद्दपारीपायी, मालकाच्या कामापायी सतत इकडून तिकडे जात होती आणि बरोबर बातमी नेत होती.

पत्र आलं की मोठ्याने वाचलं जाई, कारण बहुतेकांना वाचता येत नसे. मग नक्कल उतरवायची आणि पुढच्या गावाला द्यायची. कलस्सैकरांस पत्रात तर स्पष्ट सूचनाच आहे: हे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीत वाचून घ्या, आणि त्यांच्याकडचं तुम्ही वाचा. ख्रिस्ती लोकांनी गुंडाळीऐवजी पानं शिवलेली वही पसंत केली, तीही बरीच लवकर. वही प्रवासाला सोयीची, दोन्ही बाजूंनी लिहिता येते, हवं ते पान चटकन उघडता येतं, आणि पेटीत नीट बसते.

गावोगाव फिरणारे उपदेशक होतेच. त्यांच्याबद्दल मंडळींना काय वाटे, हे ‘डिडाखे’ नावाच्या छोट्या नियमपुस्तिकेत दिसतं. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या आसपासची ही पुस्तिका १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये हस्तलिखितात सापडली. पाहुण्या प्रेषिताचं स्वागत करा, ती सांगते. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसरा दिवस राहिला तर खोटा समजा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा समजा. कायमचं राहायचं म्हणत असेल तर धंदा करू दे आणि खाऊ दे. फुकट्या बुवांचा अनुभव घेतल्याशिवाय एवढे काटेकोर नियम कुणी लिहीत नाही. दुसऱ्या शतकातला टवाळ लेखक लुकियान अशाच एका भामट्याची गोष्ट सांगतो. पेरेग्रीनुस ख्रिस्ती मंडळींत शिरला, त्यापायी तुरुंगात पडला, तर पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ पोरं तुरुंगाच्या दाराशी येऊन बसत, आत जेवणं जात, दूरच्या शहरांतून मंडळीच्या खर्चाने माणसं भेटायला येत. लुकियानला त्यांचा भोळेपणा दाखवायचा आहे. वाचणाऱ्याला मात्र त्यातून त्यांची वीण किती घट्ट होती ते कळतं. या सगळ्या इतिहासात मला विरोधकांच्या साक्षी जास्त भरवशाच्या वाटतात. त्यांना स्तुती करायचं काही कारण नव्हतं.

असाच दुसरा विरोधक केल्सुस. त्याने इ.स. १७५ ते १८० च्या सुमाराला ख्रिस्ती लोकांवर एक पुस्तकच लिहिलं. ते मूळ रूपात उरलेलं नाही, पण ओरिगेन या अलेक्झांड्रियाच्या पंडिताने त्याला उत्तर देताना त्यातले उतारेच्या उतारे दिले, म्हणून आपल्याला माहीत आहेत. केल्सुसची तक्रार अशी: लोकर विंचरणारे, चांभार, परीट, असली अडाणी माणसं घरच्या थोरांपुढे आणि शिकलेल्या मालकांपुढे तोंड उघडत नाहीत. पण मुलं आणि काही बायका एकट्या सापडल्या की यांना कंठ फुटतो. बापाचं, गुरुजींचं ऐकू नका, खरं काय ते आम्हालाच ठाऊक आहे, आमच्याबरोबर चांभाराच्या किंवा परटाच्या दुकानात चला, म्हणजे सगळं कळेल. चिडून लिहिलं आहे, पण प्रसाराची वाट यात जशी दिसते तशी भक्तांच्या लिखाणातही दिसत नाही.

शिकवण म्हणजे नुसती कानगोष्ट नव्हती. युस्टिन नावाचा तत्त्वज्ञ रोममध्ये एका स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राही आणि येईल त्याला शिकवी. इ.स. १६५ च्या सुमाराला त्याची चौकशी झाली, तेव्हा त्याने हाच पत्ता सांगितला. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा मानला जाणारा एक नियमसंग्रह दाखवतो की तोवर प्रवेशाची शिस्त चांगलीच कडक झाली होती. आधी ओळखीच्या माणसाने तुम्हाला आणायचं आणि तुमची हमी द्यायची. मग धंद्याची चौकशी. कुंटणखाना चालवणारा, ग्लॅडिएटर, मूर्ती घडवणारा यांनी धंदा सोडायचा, नाहीतर परत जायचं. मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांनीही सोडलेलं बरं, कारण शाळेत देवादिकांच्याच गोष्टी असत. पण दुसरं काही कसब नसेल तर चालेल! त्यानंतर ३ वर्षं ऐकायचं. एवढा काळ मुख्य विधीच्या, म्हणजे येशूचं शरीर आणि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी बाहेर जावं लागे. शेवटी पहाटे, सैतानाला नाकारून, अंगावरचे कपडे आणि दागिने उतरवून पाण्यात उतरायचं. बाहेर आल्यावर दूध आणि मध.

हे वाचून मला नेहमी नवल वाटतं. पसरायला निघालेला धर्म दार उघडं टाकेल असं वाटावं, तर इथे दाराला तीन-तीन कड्या. पण आलेला माणूस मग सहजी निघून जात नसे, आणि ३ वर्षांत त्याचं सगळं उठणंबसणं या मंडळींतच होऊन जाई. बंद दाराचा तोटाही होता. आत एकमेकांना ‘भाऊ’, ‘बहीण’ म्हणतात, कुणाचं तरी ‘शरीर’ खातात आणि ‘रक्त’ पितात, एवढ्या ऐकीव माहितीवर बाहेर भयंकर अफवा उठत.

ही जागा कशी दिसे, याचा एक नमुना उरला आहे. सिरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपस नावाचं सीमेवरचं शहर होतं. तिथलं एक साधं चौकाचं घर इ.स. २४० च्या सुमाराला ख्रिस्ती मंडळीने आपल्या कामापुरतं बदलून घेतलं. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली, साठ-सत्तर माणसं बसतील एवढी. एका लहान खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड बांधलं आणि भिंतींवर चित्रं काढली: खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, बाज उचलून चालू लागलेला पक्षाघाती, पाण्यावरून चालणारा येशू. बाहेरून पाहिलं तर शेजारच्या घरासारखंच घर. इराणी फौजा चालून आल्या तेव्हा तटाला बळकटी देण्यासाठी रोमनांनी तटालगतच्या घरांत, त्यांत याही घरात, माती भरली. शहर २५६ मध्ये पडलं, पण त्या मातीखाली चित्रं टिकली.

त्याआधी शतकभर, इ.स. ११२ च्या सुमाराला, आजच्या उत्तर तुर्कस्तानात प्लिनी नावाचा राज्यपाल बुचकळ्यात पडला होता. या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय, असं त्याने त्रायानुस सम्राटाला लिहून विचारलं. चौकशीत एवढंच निघालं होतं की ठरावीक दिवशी हे पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, चोरी आणि व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात आणि पुन्हा जमून साधं जेवण जेवतात. खातरजमा करायला त्याने दोन दासींचा छळ करवला. त्यांना ती मंडळी ‘सेविका’ म्हणत. म्हणजे गुलाम बायका तिथे मानाच्या जागेवर होत्या. हे लोण शहरांतच नाही तर खेड्यांत आणि रानावनांतही पोचलं आहे, असं तो लिहितो. देवळं ओस पडली होती, यज्ञाच्या मांसाला गिऱ्हाईक नव्हतं, आता कुठे विक्री सुरू झाली आहे. त्याच पत्रात, आपण वीस वर्षांपूर्वीच हे सगळं सोडलं, असं सांगणारेही भेटतात. येणाऱ्यांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, सोडून जाणाऱ्यांच्या कमी. सम्राटाने उत्तर दिलं, त्यांना हुडकत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कुणी समोर आणून उभं केलं आणि तो अडून राहिला तर शिक्षा करा.

लोक आत का राहिले, याचं बरंचसं उत्तर पैशाच्या आणि भाकरीच्या हिशेबात आहे. इ.स. २५१ च्या सुमाराला रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात सांगतो की त्याच्या मंडळीत ४६ धर्मवडील, ७ डीकन (त्यांच्या हाताखालचे सेवक) आहेत आणि दीड हजारांवर विधवा व गरजूंना मंडळी पोसते. रोमन शहरांत श्रीमंत लोक दान करत, पण स्नानगृहं, खेळ, पुतळे यांवर, आणि मुख्यतः नागरिकांसाठी. एकट्या विधवेला कुणी विचारत नसे. नको असलेलं बाळ, विशेषतः मुलगी, उकिरड्यावर सोडून देणं तेव्हा चालून जाई. इ.स.पू. १ मधल्या इजिप्तमधल्या एका पत्रात कामासाठी परगावी गेलेला हिलारियोन आपल्या गरोदर बायकोला लिहितो, मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. त्याच पत्रात, पगार झाला की लगेच पैसे पाठवतो, असंही आहे. ख्रिस्ती मंडळींना मूल टाकायची मनाई होती.

तिसऱ्या शतकाच्या मध्यावर मोठी साथ आली. अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस लिहितो की लोक आजाऱ्यांना अर्धमेल्या अवस्थेत रस्त्यावर ढकलून देत होते आणि ख्रिस्ती लोक त्यांची सेवा करता करता स्वतः मरत होते. बिशपच लिहितोय म्हटल्यावर थोडं वजा करून घ्यावं. पण औषध नसताना नुसतं वेळेवर पाणी पाजणारं आणि भरवणारं कुणी असलं तरी आजारी माणूस तगण्याची शक्यता वाढते, हे कुठलीही नर्स सांगेल. आणि ज्याच्या हातचं पाणी पिऊन आपण उठलो, त्याचं बोलणं माणूस कान देऊन ऐकतो.

एवढ्या हळू, एकेक घर करत, साम्राज्य कसं व्यापलं? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी याचा एक ढोबळ हिशेब मांडला. इ.स. ४० मध्ये १,००० ख्रिस्ती धरा आणि दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ धरा, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांहूनही थोडी कमी. दहा वर्षांनी १,४००. शंभर वर्षांनी, इ.स. १४० मध्ये, २९ हजारांच्या आसपास, म्हणजे साम्राज्याच्या मानाने नगण्य. पण चक्रवाढ व्याजाचं गणित ज्याने मुदत ठेवीत पाहिलं आहे त्याला पुढचं कळेल: इ.स. ३०० पर्यंत तोच आकडा ६० लाखांच्या पुढे जातो. तेव्हा साम्राज्याची लोकसंख्या साधारण ६ कोटी धरतात, म्हणजे दहा टक्के. हे आकडे कुणी मोजलेले नाहीत, अंदाज आहे. तरी एक गोष्ट त्यातून पटते. हजारोंचं एकाच दिवशी धर्मांतर होण्याची गरजच नव्हती. शंभर जणांच्या मंडळीत वर्षाला तीन-चार माणसं वाढली तरी पुरे होतं. बायकोने नवऱ्याला आणलं, परटाने शेजाऱ्याला आणलं, की झालं.

छळाचं काय? ‘ख्रिस्ती लोकांचं रक्त हे बी आहे’ असं तेर्तुल्लियान हा ख्रिस्ती लेखक इ.स. १९७ च्या सुमाराला कार्थेजमध्ये लिहून गेला, आणि ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. ते मला अर्धवट खरं वाटतं. बराच काळ छळ तुरळक आणि स्थानिक होता. साम्राज्यभर सक्ती आली ती देकियुस सम्राटाच्या काळात, २५० च्या आसपास. प्रत्येकाने देवांना आहुती द्यायची आणि दाखला घ्यायचा. हे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत, अगदी आपल्याकडच्या सरकारी दाखल्यांसारख्या ठोकळेबाज भाषेतले. या वेळी हजारो ख्रिस्ती डगमगले, कुणी आहुती दिली, कुणी पैसे देऊन दाखला मिळवला. संकट टळल्यावर या लोकांना परत घ्यायचं की नाही यावरून मंडळींत उभी फूट पडली. घ्यायचं, पण प्रायश्चित्त घेऊन, असं बहुतेकांनी ठरवलं. माझ्या मते हुतात्म्यांइतकाच या मधल्या तोडग्याचाही धर्म टिकण्यात वाटा आहे.

त्यानंतर गोष्ट बदलते. ३०३ मध्ये दिओक्लेतियन सम्राटाने शेवटचा मोठा छळ आरंभला, ३१३ मध्ये कॉन्स्टँटाइन आणि लिसिनियुस या सम्राटांनी मोकळीक दिली, ३८० मध्ये थिओदोसियसने ख्रिस्ती मत हाच साम्राज्याचा धर्म ठरवला. सत्ता आली, जमिनी आल्या, आणि पुढे इतरांची देवळं पाडणंही आलं. चांभाराच्या दुकानातला प्रसार तो हा नव्हे.

रोमच्या हद्दीबाहेरही शिकवण व्यापाऱ्यांच्या वाटांनी गेली होती. सहाव्या शतकात कोस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की ‘कल्लियाना’ इथे इराणातून नेमून आलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात.

शेवटची साक्षही एका विरोधकाची. कॉन्स्टँटाइनचा पुतण्या जुलियन सम्राट झाला, त्याने ख्रिस्ती धर्म सोडला आणि जुन्या देवांना पुन्हा उभं करायचं ठरवलं. ३६२ मध्ये आजच्या अंकाराच्या परिसरातल्या, म्हणजे तेव्हाच्या गलातियातल्या, अर्साकियुस नावाच्या मुख्य पुरोहिताला त्याने पत्र लिहिलं. त्यात तो वैतागून म्हणतो की ज्यूंमध्ये कुणाला भीक मागावी लागत नाही, आणि हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणे) स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या माणसांना आमच्याकडून काही मिळत नाही, हे सगळे बघतात. मग हुकूम येतो: शहराशहरांत धर्मशाळा बांधा. त्यासाठी दरवर्षी ३०,००० मापं गहू आणि ६०,००० मापं दारू मंजूर. पाचवा हिस्सा पुरोहितांच्या हाताखाली काम करणाऱ्या गरिबांना, बाकीचं वाटसरू आणि भिकाऱ्यांना वाटायचं. पुढच्या वर्षी जूनमध्ये इराणच्या मोहिमेत भाला लागून तो मेला, जेमतेम बत्तिशीचा.